उपनगरांतील तीन निवडणुका

लोकशाहीत वक्तृत्वाचे महत्त्व फार, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून ऐकत आलो आहोत. परंतु निवडणुकीच्या प्रचारातले वक्तृत्व प्रत्यक्षात काय घडवून आणते, याचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो. सभेतल्या टाळ्या आणि पेटीतली मते यांचा मेळ कित्येकदा बसत नाही, हे मुंबईकरांना कोणी सांगावयास नको. मैदान गाजवून गेलेला वक्ता पडतो आणि ज्याचे भाषण तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू गेले नाही तो निवडून येतो. मग वक्तृत्व निरर्थक म्हणावे काय? तसे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्या परंपरेतील श्रोता व्याख्यान ऐकून घरी जातो, जेवतो, आणि वाटल्यास दुसऱ्या दिवशी वक्त्याशी मनातल्या मनात वाद घालतो. पटले नाही तर सोडून देण्याची त्याला मुभा असते. प्रचारसभेच्या श्रोत्याला ती नसते. ठरलेल्या दिवशी त्याला उत्तर द्यावे लागते. आणि उत्तर कोणत्या प्रश्नाचे द्यावयाचे, हे बहुधा आधीच दुसऱ्या कोणी तरी ठरवून ठेवलेले असते. प्रचारातील वक्तृत्वाचे खरे कर्तृत्व या ठरवण्यात आहे, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या उपनगरांत दहा वर्षांच्या अवधीत एकच गृहस्थ तीन सार्वत्रिक निवडणुकांना उभे राहिले. उमेदवार तोच, बरेचसे मतदार तेच. प्रश्न मात्र प्रत्येक वेळी निराळा विचारला गेला. हे गृहस्थ म्हणजे व्ही. के. कृष्ण मेनन.

त्या काळची उपनगरे डोळ्यांसमोर आणली पाहिजेत. अंधेरीपर्यंतचा मुलूख १९५० साली बृहन्मुंबईत आला. बोरिवली-दहिसर आणि मुलुंड १९५७ साली आले. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा होता आणि तेथील मराठी मध्यमवर्गाला व्याख्याने ऐकण्याची सवय जुनी होती. घाटकोपर-मुलुंडला गुजराती वस्ती मोठी, वांद्रे-अंधेरीच्या गावठाणांतून ख्रिस्ती कुटुंबे, चेंबूर-मुलुंडला फाळणीनंतर आलेले सिंधी, कुर्ल्याच्या गिरणीभोवती कामगार, आणि कचेऱ्यांतून टंकलेखन, लघुलेखन करणारे दाक्षिणात्य तरुण. मराठी, गुजराती, हिंदी, कोंकणी, सिंधी, तमिळ अशा सहा भाषांच्या या वस्तीपुढे बोलावयाचे म्हणजे वक्त्याची परीक्षाच. एका भाषेतील विनोद दुसऱ्या चाळीत पोहोचत नाही.

पहिली निवडणूक १९५७ सालची. मुंबईत त्या वेळी एकच विषय होता. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवरील सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे ज्या सुरात सांगितले, त्या सुराने लोकांचा संताप जितका भडकला तितका कोणत्याही ठरावाने भडकला नसेल. दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. पुढच्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, नोव्हेंबरात द्वैभाषिक राज्य लादले गेले आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला आचार्य अत्रे यांचा दैनिक 'मराठा' निघाला. मराठी राजकीय वक्तृत्वाचा हा सुगीचा काळ होय. टिळकांचा सरळ घाव आणि शिवरामपंत परांजपे यांची वक्रोक्ती या दोन्ही शाळा मराठी श्रोत्याला ठाऊक होत्या. अत्र्यांनी त्यांत हसवण्याची तिसरी शाळा घातली. हसणारा श्रोता भीत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफावर तेच सांगत होते. पैकी अण्णा भाऊंच्या आयुष्यातील बरीच वर्षे आपल्या घाटकोपरच्या चिरागनगरातच गेली.

एवढे वादळ उठले असता उत्तर मुंबईतून निवडून आले ते काँग्रेसचे मेनन. समितीतर्फे उभे होते प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस, गोवामुक्तीच्या लढ्यातले नावाजलेले कार्यकर्ते. ते सुमारे ४७ हजार मतांनी पडले. मुंबई शहराच्या चार जागांपैकी मध्य मुंबईच्या दोन समितीने घेतल्या, दक्षिण आणि उत्तर काँग्रेसकडे राहिल्या. असे का व्हावे? वस्ती मिश्र होती, हे एक कारण उघडच आहे. परंतु दुसरे कारण आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. मतदानाच्या काही आठवडे आधी, २३ जानेवारी १९५७ रोजी, मेनन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत काश्मीरच्या प्रश्नावर बोलावयास उठले आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीपर्यंत मिळून जवळजवळ आठ तास बोलले. बोलून बोलून त्यांना भोवळ आली. हे भाषण इंग्रजीत होते, कायद्याच्या खाचाखोचांनी भरलेले होते आणि घाटकोपरच्या मतदारांपैकी शंभरात एकाने तरी ते वाचले असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. परंतु ते वाचण्याची जरूरच नव्हती. आठ तास आणि भोवळ, एवढ्या दोन गोष्टी पुरेशा होत्या. मेनन हे काश्मीरचे वीर ठरले, आणि उत्तर मुंबईतला प्रश्न 'मुंबई कोणाची?' हा न राहता 'काश्मीर कोणाचे?' असा झाला. समितीचा कोणता वक्ता त्याचे उत्तर काँग्रेसच्या विरुद्ध देणार होता? अत्र्यांच्या भात्यातही त्यासाठी बाण नव्हता.

एके ठिकाणी केलेले भाषण दुसऱ्या ठिकाणी प्रचार म्हणून कसे चालते, याचे इतके चोख उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुसरी निवडणूक फेब्रुवारी १९६२ ची, आणि तिच्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले होते, तेव्हा जुना प्रश्न निकालात निघाला होता. मेनन आता संरक्षणमंत्री होते. उत्तर सीमेवर चीनशी कुरबूर वाढली होती. १९५९ च्या ऑक्टोबरात लडाखमध्ये कोंग्का खिंडीपाशी आपले पोलीस मारले गेले होते. सेनापती थिमय्या यांनी त्याच वर्षी राजीनामा देऊन तो परत घेतला होता. आचार्य कृपलानी यांनी एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत मेनन यांच्या कारभारावर जो हल्ला चढवला, तो संसदेतील गाजलेल्या भाषणांत गणला जातो. सैन्यात गट पाडले, पैसा वाया घालवला, चीनच्या बाबतीत देशाला गाफील ठेवले, असा त्यांचा रोख होता. बोलूनच ते थांबले नाहीत. बिहारमधील सीतामढीची आपली जागा सोडून ते मेनन यांना पाडण्यासाठी उत्तर मुंबईत येऊन उभे राहिले. वय त्र्याहत्तर.

अशी लढत भारतात त्यापूर्वी झाली नव्हती. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने फेब्रुवारीच्या आरंभी मेनन यांना मुखपृष्ठावर घातले. मुंबईत करंजियांचा 'ब्लिट्झ' मेनन यांच्या बाजूने, तर कराकांचा 'करंट' कृपलानींच्या बाजूने भांडत होता. राजाजी आणि जयप्रकाश नारायण यांनी कृपलानींना आशीर्वाद दिला; स्वतंत्र पक्ष, जनसंघ आणि प्रजासमाजवादी त्यांच्यामागे उभे राहिले. मेनन यांच्यामागे काँग्रेस होतीच, कम्युनिस्टही होते. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमार मेनन यांच्या प्रचाराला उतरले. चित्रपटातील नटाने निवडणुकीच्या व्यासपीठावर येणे आज नित्याचे झाले आहे. त्याची सुरुवात पाहावयाची तर ती येथे आहे. नट काय बोलला हे सभेनंतर कोणी विचारीत नाही. तो आला होता, एवढेच घरोघर सांगितले जाते.

कृपलानींच्या बाजूने हिंदीत एक घोषणा फिरत होती. चिनी हल्ले होत आहेत आणि मेननसाहेब झोपलेले आहेत. झोपायचे तर झोपू द्या, कृपलानींना येऊ द्या, असा तिचा आशय. यमक चांगले जुळलेले होते, पोरांच्याही तोंडी सहज बसणारे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खरे होते. त्या वर्षी उपनगरांतल्या मतदारांपुढे आलेल्या सगळ्या विधानांत सर्वांत खरे विधान हेच, हे आठ महिन्यांनी साऱ्या देशाला कळले. तरीही मेनन यांना सुमारे २ लाख ९७ हजार आणि कृपलानींना दीड लाखाच्या थोडी वर मते पडली. अंतर १ लाख ४५ हजारांचे.

खरे बोलणारा इतक्या मतांनी का पडला? एक कारण कृपलानींच्या बोलण्यातच होते. ते बोलत तिखट आणि तिरकस. शिकलेल्या श्रोत्याला तो उपहास आवडे, परंतु उपहासाने मनुष्य शहाणा होतो, जवळ येत नाही. शिवाय त्यांच्या व्यासपीठावर बसलेल्या मंडळींत प्रत्येकाचे मेनन यांच्याविरुद्धचे कारण वेगळे होते. राजाजींना समाजवाद नको होता, प्रजासमाजवाद्यांना समाजवाद हवा पण कम्युनिस्टांशी सलगी नको, जनसंघाचे आणखी तिसरेच. श्रोत्याला तीन सभांत तीन कारणे ऐकू येत आणि तिन्ही खरी असली तरी त्यांची बेरीज होत नसे. दुसरे कारण गोव्याचे. डिसेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांत गोवा मुक्त झाला होता, आणि ज्या मंत्र्याच्या सैन्याने गोवा घेतला तोच चीनपुढे झोपला आहे, हे पटणे उपनगरांतील गोवेकरांना आणि कोकण्यांना जड होते.

परंतु सर्वांत मोठे कारण पंडितजी. मेनन यांचा पराभव हा माझ्या धोरणाचा पराभव समजेन, असा पवित्रा त्यांनी घेतला आणि एका वाक्यात निवडणूक पालटली. चीनविषयी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलेच नाही. त्यांनी त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवला: 'तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही?' १९६२ साली या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा मतदार भारतात फार विरळा होता. काहींनी मेनन यांच्याविषयी मनात शंका ठेवूनच नेहरूंना मत दिले असले पाहिजे. यात कोणाची फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही. पंडितजींचा आपल्या मित्रावर खरोखरच विश्वास होता, आणि आपल्या शब्दाची किंमत खर्ची घालण्याचा त्यांना अधिकार होता. मात्र मतदाराच्या हातून एक गोष्ट निसटली. सीमेवर तयारी आहे की नाही, हे विचारण्याची ती शेवटची वेळ होती आणि ती दुसऱ्या प्रश्नात निघून गेली.

ग्रीक इतिहासात डेमॉस्थेनीस या वक्त्याने मॅसिडोनियाच्या फिलिप राजापासून सावध राहा, म्हणून अथेन्सच्या लोकांना वर्षानुवर्षे बजावले. पहिले भाषण ख्रिस्तपूर्व ३५१ सालचे, आणि ख्रिस्तपूर्व ३३८ साली कायरोनियाच्या रणांगणावर त्याचे म्हणणे खरे ठरले. त्याला तेरा वर्षे वाट पाहावी लागली. कृपलानींना आठच महिने लागले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने चढाई केली. महिना संपता संपता मेनन यांचे संरक्षण खाते गेले आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळही सुटले. कृपलानी पोटनिवडणुकीतून पुन्हा लोकसभेत आले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा पहिला ठराव त्यांनीच मांडला. ठराव नापास झाला, हे सांगावयास नकोच.

येथे एक लहानशी गोष्ट नोंदून ठेवतो, कारण पुढे तिची गरज लागेल. मेनन कालिकतचे, कृपलानी सिंधमधील हैदराबादचे. दोघांपैकी कोणीही मराठी नव्हते, कोणीही मुंबईचे नव्हते. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि मुंबईच्या उपनगरांत देशातील सर्वांत गाजलेली निवडणूक दोन परप्रांतीयांमध्ये झाली. ही बाब त्या निवडणुकीचा प्रश्न झाली नाही.

पाच वर्षांनी झाली. नेहरू १९६४ साली गेले होते. १९६७ च्या निवडणुकीसाठी मतदारसंघांची नवी आखणी झाली. पश्चिम रेल्वेच्या बाजूची उपनगरे मुख्यतः वायव्य मुंबईत आणि घाटकोपर-मुलुंडकडचा भाग ईशान्य मुंबईत गेला. काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारले आणि ईशान्य मुंबईत स. गो. बर्वे यांना उभे केले. बर्वे हे सनदी नोकरीतून आलेले, पुण्याचे पहिले महापालिका आयुक्त, १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुणे सावरणारे, पुढे राज्याचे अर्थमंत्री. माणूस कर्तबगार आणि स्वच्छ. मेनन काँग्रेस सोडून अपक्ष उभे राहिले आणि डावे पक्ष त्यांच्यामागे गेले.

आता बाजू कशा उलटल्या ते पाहावे. दहा वर्षांपूर्वी मराठी अस्मितेचा झेंडा ज्या आघाडीच्या हाती होता, तिच्यातील डावे पक्ष आता मलबारच्या उमेदवाराला मते मागत होते. आणि दहा वर्षांपूर्वी मेनन यांना येथे आणून उभे करणारी काँग्रेस मराठी उमेदवाराच्या लाभासाठी उठलेल्या वाऱ्यावर शीड उभारीत होती. तो वारा शिवसेनेचा होता. संघटना स्थापन झाली १९ जून १९६६ रोजी, पण तिची भाषा त्यापूर्वीच 'मार्मिक' साप्ताहिकात तयार झाली होती. बाळ ठाकरे हे व्यंगचित्रकार, आणि त्यांचे वडील प्रबोधनकार संयुक्त महाराष्ट्र समितीतील नामवंत लेखक-वक्ते. तेव्हा घरात वक्तृत्वाची पेढी जुनीच होती. 'मार्मिक'ने जे नवे केले ते मात्र समितीच्या व्याख्यानांत नव्हते. कचेऱ्यांतील, कारखान्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली छापल्या जात. एकामागून एक दाक्षिणात्य नावे. त्यांत युक्तिवाद नाही, अलंकार नाही, आवाजसुद्धा नाही. यादी वाचणारा तरुण स्वतःच अनुमान काढतो, आणि स्वतः काढलेले अनुमान मनुष्य सहसा सोडीत नाही. मन वळवण्याचे याहून प्रभावी आणि याहून अपुरे साधन आम्हांस माहीत नाही. अपुरे अशासाठी की, यादीत जो नाही त्याच्याविषयी ती गप्प असते. त्या कचेरीत किती मराठी माणसे होती, अर्ज किती आले होते, आणि यादीतल्या माणसाने ती जागा कशी मिळवली, हे तिला सांगता येत नाही.

नोकरी न मिळालेल्या मराठी तरुणाची तक्रार खोटी होती काय? नव्हती. १ मे १९६० नंतर आपले दिवस पालटतील असे त्याला वाटले होते आणि ते पालटले नव्हते. राज्य मिळवून देणाऱ्या वक्त्यांजवळ या तरुणाला सांगण्यासारखे पुढचे काही नव्हते; समितीचे वक्तृत्व आपले काम करून रिकामे झाले होते. त्या रिकाम्या जागी लुंगी आणि पुंगी यांचे यमक येऊन बसले. १९६२ सालचे चीनवरचे यमक खरे असून चालले नाही, आणि हे चालले. कारण मागच्याला मतदाराच्या रोजच्या दुःखाशी काही देणेघेणे नव्हते. या यमकाला होते, मग त्याने दाखवलेला अपराधी चुकीचा का असेना. शेजारच्या खोलीतला, सकाळी त्याच लोकलला लोंबकळणारा लघुलेखक मराठी पोराचा शत्रू कसा, हे त्या यमकाने कधी सिद्ध केले नाही. ते सिद्ध करावयाची मागणीही कोणी केली नाही.

बर्वे यांच्यासारख्या कारभारी माणसाच्या तोंडी ही भाषा शोभली नसती. ती बोलणारे दुसरे होते. प्रचारात अशी वाटणी नेहमीच असते: उमेदवार विकासाचे बोलतो आणि त्याच्यासाठी दुसरे कोणी निराळे बोलतात. बर्वे स्वतः घाटकोपर-मुलुंडचे नव्हते, पुण्याहून निवडून गेलेले होते. परंतु 'बाहेरचा' या शब्दाची हद्द आता खाडीपाशी नव्हे तर भाषेपाशी आखली गेली होती. मेनन यांना मराठी येत नव्हते. १९५७ साली आणि १९६२ साली ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही. १९६७ साली तीच पहिल्याने नजरेत भरली. ते सुमारे १३ हजार मतांनी पडले.

हा आकडा लहान आहे, हेही सांगितले पाहिजे. काँग्रेसची नेहमीची मते, घाटकोपरची गुजराती मते, १९६२ च्या पराभवाचा राग आणि बर्वे यांचा लौकिक हे सर्व वजा केल्यावर अस्मितेच्या भाषेच्या वाट्याला किती श्रेय उरते, याचा नेमका हिशेब करता येणार नाही. त्याच वर्षी, त्याच शहरात, दक्षिण मुंबईत मंगळूरकडून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी कोकणातल्या स. का. पाटलांना पाडले. तेथे भिंतीभिंतीवर एकच गोष्ट सांगितली होती: पाटलांना तुम्ही पाडू शकता. मतदारापुढे ठेवलेला प्रश्न त्याच्या स्वतःच्या सामर्थ्याविषयी होता, आणि त्या प्रश्नापुढे कोण कोठला हे कोणी विचारले नाही. फर्नांडिस मराठीत बोलत, एवढा फरक खरा.

बर्वे निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च १९६७ मध्ये, अकस्मात वारले. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. या वेळी तर वादाला जागाच नव्हती. भावाच्या निधनानंतर बहीण मते मागावयास आली असता तिच्याविरुद्ध काय बोलावे, हे सुरक्षा समितीत आठ तास बोलणाऱ्याला तरी कोठून सुचावे? मेनन त्यानंतर १९६९ साली बंगालमधील मेदिनीपूरहून पोटनिवडणुकीत आणि १९७१ साली तिरुवनंतपुरमहून लोकसभेवर निवडून गेले. मेदिनीपूरच्या मतदारांना त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना मतदारांची. तेथे ती कोणी विचारली नाही.